कॅटनिपचं तेल: 'निर्धोक' म्हणजे कोणासाठी, किती आणि कोणत्या रूपात?



आज एका लहानशा बाटलीचा इतिहास पाहायचा आहे. बाटलीत कॅटनिप नावाच्या वनस्पतीचं इसेन्शियल ऑइल, म्हणजे अर्क काढून मिळवलेलं सुगंधी तेल. बाहेरच्या लेबलवर बहुधा तीन शब्द असतात: नैसर्गिक, पारंपरिक, निर्धोक. ऑनलाइन खरेदीमुळे ही बाटली आता आपल्याकडेही घरपोच येते. कोणी मांजराच्या खेळण्यावर थेंब टाकायला मागवतं, कोणी डास पळवायला, कोणी झोप लागावी म्हणून उशीवर शिंपडायला. डेंग्यूच्या दिवसांत तर 'रसायन नको, झाडपाल्याचं काहीतरी सांगा' ही मागणी हमखास वाढते.

आम्ही वैद्य नाही आणि रसायनशास्त्रज्ञही नाही. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. मग या बाटलीशी आमचा संबंध काय? संबंध त्या तिसऱ्या शब्दाशी आहे. 'पिवळा', 'जड' ही विशेषणं आपण वस्तूला लावतो, तसंच 'निर्धोक' हेही लावतो. पण निर्धोकपणा हा वस्तूचा गुण आहे का? कॅटनिपचा चारशे वर्षांचा इतिहास पाहिला तर उत्तर 'नाही' असं येतं. कोणासाठी, किती आणि कोणत्या रूपात, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थच येत नाही. आणि माणसं मात्र एका रूपाबद्दल मिळालेली खात्री दुसऱ्या रूपाला न तपासता जोडत आली आहेत. हे कसं घडत गेलं, ते क्रमाने पाहू.

पाला आणि मांजर

कॅटनिप ही पुदिना-तुळशीच्या कुळातली वनस्पती. पानं करवतीच्या दात्यांसारख्या कडांची, किंचित लवदार, फुलं पांढरट आणि त्यांवर जांभळे ठिपके. युरोपात आणि पश्चिम व मध्य आशियात ती रानोमाळ उगवते, आपल्या देशात काश्मीरकडच्या हिमालयातही सापडते. लिनिअस यांनी १७५३ साली तिचं शास्त्रीय नाव 'नेपेटा कॅटारिया' असं नोंदवलं. त्यातलं 'नेपेटा' हे इटलीतल्या नेपेते या प्राचीन गावावरून आलं असं मानतात. 'कॅटारिया' हे तर सरळ मांजरावरूनच आलेलं आहे.

मांजराला या पाल्याचं वेड आहे ही गोष्ट लिनिअस यांच्या फार आधीपासून माहीत होती. जॉन जेरार्ड यांचा वनस्पतींवरचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १५९७ सालचा. मांजरं या झाडाला अंग घासतात, त्यात लोळतात, फांद्या खातात, हे त्यात आहे. पुढे सतराव्या शतकात जॉन रे या निसर्गअभ्यासकांनी बागकाम करणाऱ्यांचा एक समज नोंदवला. तो असा की रोप उपटून दुसरीकडे लावलं तर मांजरं त्याचा फडशा पाडतात. बी पेरून तिथेच उगवलेल्या रोपाकडे मात्र ती ढुंकूनही पाहत नाहीत.

आता ही म्हणजे एखादी गावगप्पा वाटेल. पण अठराव्या शतकात लंडनच्या चेल्सी इथल्या औषधी उद्यानाचे प्रमुख फिलिप मिलर यांनी ती करून पाहिली. दोन फुटांच्या अंतरावर दोन रोपं, एक हलवून लावलेलं, एक बियांतून तिथेच आलेलं. पहिल्याच्या चिंध्या झाल्या, दुसरं सुरक्षित राहिलं. कारण साधं आहे. रोप हलवताना हाताने पानं चुरगळतात, वास बाहेर पडतो आणि मांजराला बातमी लागते.

इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे. वनस्पती तीच, जमीन तीच, मांजरंही तीच. पान चुरगळलं की नाही, एवढ्याशा फरकाने परिणाम उलटा झाला. 'कॅटनिप मांजराला आकर्षित करते' हे विधान अपुरं आहे. 'चुरगळलेली कॅटनिप आकर्षित करते' हे जास्त खरं. मिलर यांनी विधानात दडलेली अट शोधून काढली.

चहा आणि घुटी

मांजरांच्या बरोबरीने माणसंही ही वनस्पती वापरत होती. १६५२ साली निकोलस कल्पेपर यांनी सामान्य इंग्रज माणसाला परवडतील अशा औषधी वनस्पतींचं पुस्तक काढलं. त्यात ती सर्दी-खोकल्यावर आहे, पोटातल्या वाताच्या तक्रारींवर आहे आणि स्त्रियांची थांबलेली पाळी सुरू करण्यासाठीही आहे. हा शेवटचा उपयोग लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

युरोपातले वसाहतकार अमेरिकेत गेले तेव्हा कॅटनिप त्यांच्याबरोबर गेली, परसातून निसटली आणि तिथल्या रस्त्यांच्या कडेला रानटी होऊन पसरली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत तिला जागा होती. डोंगराळ अॅपलेशियन भागात तर तान्ह्या बाळाच्या पोटदुखीवर कॅटनिपचा पातळ चहा हा आजीबाईंचा हुकमी उपाय.

हे ऐकल्यावर आपल्याला बाळघुटी आठवली नाही तरच नवल. मुरडशेंग, जायफळ, हळकुंड, वेखंड सहाणेवर उगाळून बाळाला चाटवायची आपली पद्धत. त्यात आजीचं माप काय? वेढा. अमुक जिनसाचा एक वेढा, तमुक जिनसाचे दोन, बाळ मोठं होईल तसे थोडे वाढवायचे. ग्रॅम-मिलिग्रॅमची भाषा नाही, पण मात्रेचं भान आहे. जायफळ जास्त उगाळलं तर बाळ सुस्तावेल, हे तिला ठाऊक असे. घुटी द्यावी की नाही हा वाद आजचे बालरोगतज्ज्ञ घालतात, आणि त्यांचा सल्ला ऐकावा हेच योग्य. आमचा मुद्दा वेगळा आहे. परंपरेने जे काही अनुभवाने पारखलं असेल, ते 'वेखंड' नावाच्या अमूर्त वस्तूला पारखलेलं नाही. सहाणेवरच्या एका वेढ्याला पारखलं आहे.

आता याच वेखंडाचं काढलेलं तेल घ्या. त्याच्या काही प्रकारांत बीटा-असारोन नावाचं द्रव्य भरपूर असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत घातक परिणाम दिसल्यावर अमेरिकेने १९६८ साली वेखंड आणि त्याचं तेल खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. नाव वेखंडच, पण आजीचा वेढा ही एक वस्तू आणि बाटलीतलं तेल ही दुसरी. कॅटनिपच्या बाबतीत अगदी हेच घडलं.

भट्टीतून निघालेलं तेल

वनस्पतीतून वाफेच्या मदतीने सुगंध वेगळा काढण्याची कला जुनी आहे. कनौजचे अत्तरवाले डेग आणि भपका वापरून गुलाबाचा, खसाचा अर्क काढतात ते आपल्याला माहीत आहे. युरोपात हिरोनिमस ब्रुन्श्विग यांचं या कलेवरचं पुस्तक स्ट्रासबुर्गमध्ये १५०० सालीच छापलं गेलं. तत्त्व एकच: पाल्यातून वाफ न्यायची, वाफेबरोबर सुगंधी द्रव्यं उडतात, ती थंड करायची, पाण्यावर तेलाचा पातळ थर जमतो.

हा थर फार थोडा असतो. किलोभर वाळलेल्या पाल्यातून हाती येतात ते तेलाचे काही ग्रॅम. म्हणजे एका लहान बाटलीत टोपलीभर पाला येऊन बसतो, आणि तोही अख्खा नाही. पाण्यात उतरणारी पाल्यातली कडू-तुरट द्रव्यं भट्टीतच राहतात. वाफेवर स्वार होऊ शकतात तेवढीच पुढे येतात. तेव्हा तेल म्हणजे 'दाट केलेला चहा' नव्हे. तो पाल्याचा एक निवडक भाग आहे, आणि तो प्रचंड एकवटलेला आहे.

या तेलाचा पहिला मोठा सरकारी उपयोग कोणता झाला? औषध म्हणून नाही, खेळणं म्हणूनही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या पश्चिमेकडे गुराढोरांवर हल्ले करणाऱ्या प्यूमा आणि बॉबकॅट या रानमांजरांना मारण्याची मोहीम सरकारने चालवली होती. तिच्यातल्या शिकाऱ्यांनी सापळ्यावरचं आमिष म्हणून कॅटनिपचं तेल वापरलं. घरातल्या मांजराला ज्या वासाने आनंद होतो, त्याच वासाने तिच्या रानातल्या भावंडांना लोखंडी सापळ्यात ओढून आणलं. आता सांगा, हे तेल मांजरासाठी निर्धोक होतं की नव्हतं? रासायनिक विषबाधा तर एकाही प्यूमाला झाली नाही. पण कोण, कशासाठी, कुठे वापरतो, हेही त्या प्रश्नाच्या पोटात येतं.

रेणूचा शोध

तेलात नेमकं काय आहे, हे १९४१ साली उलगडू लागलं. विस्कॉन्सिन विद्यापीठातले सॅम्युअल मॅकेल्वेन आणि त्यांचे सहकारी यांनी तेलातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. त्याला नेपेटालॅक्टोन असं नाव मिळालं. मांजराला वेडावणारा वास तो हाच. १९५०च्या दशकात जेरॉल्ड माइनवाल्ड यांनी त्याच्या रेणूची रचना उलगडायचं काम पुढे नेलं.

मग १९६२ साली नील टॉड यांनी मांजरांच्या वंशावळी तपासून दाखवलं की कॅटनिपला प्रतिसाद देणं हे आनुवंशिक आहे. साधारण दोन-तृतीयांश मांजरं प्रतिसाद देतात; उरलेल्यांना या वासाचं सोयरसुतक नसतं. अगदी लहान पिल्लांनाही नसतं. प्रतिसाद देणारं मांजर पाच-दहा मिनिटं गाल घासतं, लोळतं, लाळ गाळतं. मग पुढे बराच वेळ तोच पाला समोर धरला तरी ढिम्म. म्हणजे 'मांजरासाठी' एवढंही पुरेसं नाही. कोणतं मांजर, किती वयाचं, केव्हा, हे विचारावं लागतं.

पण झाड हे द्रव्य मांजरांसाठी कशाला बनवेल? हा प्रश्न कॉर्नेल विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ थॉमस आइस्नर यांनी १९६४ साली विचारला. त्यांनी अनेक प्रकारच्या कीटकांसमोर नेपेटालॅक्टोन धरलं, आणि त्यांतले बरेच कीटक त्यापासून दूर पळाले. झाडाच्या दृष्टीने हे पाला खाणाऱ्यांविरुद्धचं संरक्षण आहे. मांजराचं लोळणं हा झाडाच्या हिशोबाबाहेरचा प्रकार. पण इथेही सरसकट बोलता येत नाही. १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या संशोधकांना आढळलं की आपल्या शेतकऱ्यांचा जुना शत्रू जो मावा, त्याच्या काही जातींच्या माद्या नराला बोलावण्यासाठी हेच नेपेटालॅक्टोन सोडतात. एका कीटकाला जो वास 'पळा' म्हणतो, तोच दुसऱ्याला 'ये' म्हणतो.

एक उलटलेलं चित्र

माणसाच्या मनावर कॅटनिपचा काय परिणाम होतो? १९६९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या प्रतिष्ठित नियतकालिकात एक टिपण आलं. कॅटनिप ओढणाऱ्या काही तरुणांना गांजासारखी नशा चढल्याचं त्यात म्हटलं होतं. सोबत दोन्ही वनस्पतींचं चित्र होतं. वाचकांनी ते पाहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला, कारण चित्रातली नावं उलटसुलट झाली होती. गांजाच्या झाडाला कॅटनिप म्हटलं होतं आणि कॅटनिपला गांजा.

हसू येतं खरं. पण यातला ज्ञानशास्त्रीय मुद्दा गंभीर आहे. ओढणाऱ्यांनी नेमकं काय ओढलं याची खातरजमा कोणी केली होती, ही शंका मग साहजिकच उभी राहते. आणि तरीही 'कॅटनिपने नशा होते' हे वाक्य पुढे वर्षानुवर्षं पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहिलं. पुनरुक्तीने पुरावा वाढत नाही. वाढतो तो फक्त ओळखीचेपणा. 'पारंपरिक म्हणून निर्धोक' हे वाक्यही अनेकदा असंच, ओळखीचं झाल्यामुळे खरं वाटू लागलेलं असतं.

दुसऱ्या बाजूची एक नोंद याहून जास्त उपयोगाची आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९ महिन्यांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. कॅटनिपच्या चहात भिजवलेले मनुके या मुलाने खाल्ले आणि त्यानंतर त्याची शुद्ध मंदावली, गुंगी आली. एका नोंदीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरं. पण 'बाळांना शतकानुशतकं देत आले आहेत' या आश्वासनाला ती एक स्पष्ट प्रश्नचिन्ह लावते, आणि इथे तर तेल नव्हे, साधा चहा होता.

नळीतले डास

आता बाटलीवरच्या आजच्या मुख्य दाव्याकडे येऊ: हे तेल डास पळवतं. २००१ साली आयोवा राज्य विद्यापीठातले ख्रिस पीटरसन आणि जोएल कोट्स यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत आपला प्रयोग मांडला. सुमारे दोन फूट लांबीची काचेची नळी, तिच्या अर्ध्या भागात नेपेटालॅक्टोन, आत वीस डास. दहा मिनिटांनी किती डास कोणत्या बाजूला आहेत ते मोजायचं. जेवढ्या परिणामाला डीट हे प्रचलित डासरोधक लागलं, त्याच्या एक-दशांश नेपेटालॅक्टोन पुरलं. दुसऱ्या दिवशी जगभर मथळा झाला: कॅटनिप डीटपेक्षा दहापट प्रभावी!

प्रयोग प्रामाणिक होता. मथळा मात्र एक पाऊल पुढे गेला. नळीत डास होते, माणसाचा हात नव्हता. डास एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकतो ही एक गोष्ट. समोर उबदार, घामाचा, रक्ताचा वास येणारा हात असताना तो चावत नाही, ही दुसरी. २००५ साली अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. हवेतून डासाला दूर ठेवण्यात कॅटनिपचं तेल चांगलं ठरलं. चावण्यापासून वाचवण्यात डीट सरस ठरलं. शिवाय नेपेटालॅक्टोन उडून जाणारं द्रव्य आहे. त्वचेवर ते फार काळ टिकत नाही.

हे तेल डासाला का सोसत नाही, त्याचं उत्तर २०२१ साली मिळालं. स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की ते डासाच्या शरीरातला टीआरपीए-१ नावाचा एक संवेदक चेतवतं. हा संवेदक आपल्यालाही आहे. मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो, तो त्याच्यामुळेच. पण गंमत अशी की माणसातला हा संवेदक कॅटनिपने चेतत नाही. डासाला जी आग वाटते ती आपल्याला नुसती पुदिन्यासारखी झुळूक वाटते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या यादीत त्वचेवर लावायच्या डासरोधक घटकांमध्ये आज कॅटनिप तेलाचं नाव आहे. त्याचा उपयोग खोटा नाही. त्याला मर्यादा आहेत, आणि ती नोंदणी ठरावीक प्रमाणात तयार केलेल्या उत्पादनांची आहे, बाजारातल्या कोणत्याही बाटलीची नाही, एवढंच आमचं म्हणणं.

त्याच वर्षी जपानमधल्या इवाते विद्यापीठातल्या मासाओ मियाझाकी यांच्या गटाने मांजराच्या लोळण्याचं कोडंही बरंचसं सोडवलं. जपानमध्ये माताताबी ही वेल मांजरांना अशीच वेडावते. तिच्यात नेपेटालॅक्टोनचं भावंड शोभेल असं द्रव्य आहे. त्या वासाने मांजराच्या शरीरातलं बीटा-एंडॉर्फिन हे सुखकारक द्रव्य वाढतं. आणि पानांवर तोंड घासल्याने तो रस केसांना लागला की त्या मांजरावर डास कमी बसतात. पुढच्या वर्षी याच गटाने दाखवलं की मांजरं पानं चावतात, चुरगळतात, त्यामुळे हा वास कितीतरी पटींनी वाढतो. चेल्सीच्या बागेत मिलर यांनी जे पाहिलं होतं, त्याचं अर्ध उत्तर अशा रीतीने जपानच्या प्रयोगशाळेत मिळालं.

जाता जाता सांगतो, अशी ओढ लावणारी एक वनस्पती आपल्या अंगणातही उगवते. खोकली किंवा खाजोटी म्हणतात ती. तिची मुळं उपटली की मांजरं तिच्याभोवती अशीच घुटमळतात.

दडलेली अट

आमच्या न्यायशास्त्रात एक सुंदर संज्ञा आहे: उपाधी. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे अनुमान बरोबर. पण 'जिथे अग्नी तिथे धूर' हे चूक, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर यायला अग्नीबरोबर ओलं जळण लागतं. हे ओलं जळण म्हणजे उपाधी, विधानात न सांगितलेली आणि तरी त्याला तोलून धरणारी अट. ती विसरलात की अनुमान कोसळतं.

'कॅटनिप निर्धोक आहे' हे 'जिथे अग्नी तिथे धूर'सारखंच विधान आहे. ते खरं वाटतं ते ज्या उदाहरणांवरून, त्यांत पाला आहे, पातळ चहा आहे, थोडी मात्रा आहे, मोठं माणूस किंवा धडधाकट मांजर आहे. या अटी काढून घेतल्या आणि नाव तेवढं ठेवलं, तर अनुमानाखालची जमीनच निघून जाते. मात्रेचा विचार पश्चिमेत पॅरासेल्ससच्या नावाने सांगतात. पण योग्य रीतीने योजलेलं विषही औषध होतं आणि वाईट रीतीने योजलेलं औषधही विष होतं, हा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही आहे. 'योजणे' हे क्रियापद त्यात महत्त्वाचं आहे.

मग व्यवहारात काय? सुरुवात मांजरापासून करू, कारण चूक तिथेच सर्वांत जास्त होते. 'कॅटनिप मांजराला आवडते, म्हणून तिचं तेल मांजराच्या अंगावर चोळायला हरकत नाही', असं लोक समजतात. मांजराच्या यकृतात अनेक द्रव्यं निकामी करून बाहेर टाकणारी एक रासायनिक वाट फार दुबळी आहे. आपल्याला साधी वाटणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते ती त्यामुळेच. टी ट्री आणि पेनीरॉयल ही सुगंधी तेलं प्राण्यांना घातक ठरल्याची उदाहरणं आहेत, आणि यातलं पेनीरॉयल हे तर पुदिन्याच्याच कुळातलं. शिवाय मांजर अंग चाटून साफ करतं. केसांवर घातलेला थेंब पोटात जाणारच. वाळलेला पाला चिमूटभर द्यावा; तोही जास्त खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. तेल अंगावर नको, पाण्यात-अन्नात नको, आणि बंद खोलीत तासन्‌तास डिफ्यूझर लावून मांजराला तिथे कोंडणं तर नकोच. मांजराला उठून जाता आलं पाहिजे.

माणसांबद्दल बोलायचं तर या तेलाची तीव्र विषारीता कमी दिसते, पण डोळ्यांना आणि त्वचेला ते झोंबू शकतं. म्हणून कच्चं तेल थेट त्वचेवर लावू नये. साध्या तेलात भरपूर पातळ करून, आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहावी. पोटात घेऊ नये. चहा पिणं म्हणजे तेल पिणं नव्हे. तान्ह्या बाळांना लावू नये आणि देऊ तर मुळीच नये. गरोदर स्त्रियांनी दूर राहावं. कल्पेपर यांनी नोंदवलेला तो पाळीचा उपयोग इथे आठवावा. झोपेची किंवा गुंगीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं. आणि घरात डेंग्यूचा धोका असेल तर साचलेलं पाणी काढणं, मच्छरदाणी लावणं आणि तपासून मान्य झालेलं डासरोधक वापरणं, या तिन्हींच्या जागी ही बाटली ठेवू नये. तिच्या भरवशावर मूल उघडं झोपवलं तर तेलाने काही अपाय न करताही अपाय होईल, आणि तो कोणत्याही विषारीतेच्या तक्त्यात दिसणार नाही.

वनस्पतीवर आमचा राग नाही, आणि कारखान्यातल्या रसायनावर प्रेमही नाही. नेपेटालॅक्टोन झाडाने बनवलं तरी तो रेणूच आहे, आणि डीट कारखान्याने बनवलं तरी तोही रेणूच आहे. दोन्हींना प्रश्न एकच विचारायचे: कोणाच्या शरीरासाठी, किती मात्रेत, कोणत्या रूपात, आणि कोणी मोजून पाहिलं? पुढच्या वेळी कुणी तुमच्या हातात बाटली देऊन 'अहो, नैसर्गिक आहे, काही होत नाही' असं म्हटलं, तर भांडू नका. हे चार प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं मिळाली तर बाटली जरूर घ्या, आणि न मिळाली तर मांजरासाठी कुंडीत एक रोप लावा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.